क्लचच्या वायरीची घरगुती निगा

नगर-मनमाड रस्त्याने राहात्याकडून शिर्डीत शिरताना, विशेषतः गुरुवारच्या सायंकाळी, ज्याने मोटारसायकल चालविली असेल त्याला डाव्या हाताच्या बोटांवर केवढा भार पडतो हे निराळे सांगावयास नको. दर्शनासाठी आलेल्या बसगाड्या, कारखान्याकडे निघालेल्या उसाच्या ट्रॉल्या, हारफुलांच्या पाट्या सांभाळीत चाललेले विक्रेते आणि मुलाबाळांना हाताशी धरून रस्ता ओलांडणारे परगावचे यात्रेकरू यांच्यामधून वाट काढताना क्लच दाबावा, थोडा सोडावा, गाडी चार हात पुढे सरते न सरते तोच पुन्हा दाबावा, हा क्रम अखंड चालतो. आणि मोकळ्या रस्त्यावर जेवढ्या अंतरात क्लचला हात लावण्याचे कारणही पडले नसते, तेवढ्याच अंतरात येथे त्याला क्षणाचा विसावा मिळत नाही. रामनवमी, गुरुपौर्णिमा आणि विजयादशमी या तीन मोठ्या उत्सवांच्या दिवसांत तर हा ताण अनेक पटींनी वाढतो. ११ डिसेंबर २०२२ रोजी समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरांचा टप्पा खुला झाला खरा, परंतु त्या मार्गावर दुचाकींना मज्जाव असल्यामुळे मोटारसायकलस्वाराच्या वाट्याला जुने रस्ते आणि त्यांवरील वर्दळच कायम राहिली आहे.

साकुरी, रुई, निमगाव कोऱ्हाळे, सावळीविहीर, पिंपळवाडी, अस्तगाव अशा आसपासच्या गावांतून नोकरीचाकरीसाठी रोज शिर्डीत येणारी माणसे, दोन्ही अंगांना दुधाच्या किटल्या अडकवून पहाटे निघणारे गवळी आणि पेरूच्या बागांतला माल बाजारात पोहोचविणारे शेतकरी यांच्या घरी मोटारसायकल ही हौसेची वस्तू नसून प्रपंचाचे साधन असते, आणि ते साधन ऐन कामाच्या वेळी अडून बसले म्हणजे त्या दिवसाचा रोजगार बुडतो. अशा खोळंब्यांपैकी पुष्कळसे क्लचच्या वायरीमुळे घडतात, आणि ते टाळता येण्याजोगे असतात, हेच या लेखात सांगावयाचे आहे. ही वायर सहसा अवचित तुटत नाही. तुटण्यापूर्वी कित्येक आठवडे ती आपली इत्तिला देत असते. ती इत्तिला ओळखता आली आणि सुट्टीच्या दिवशी सकाळचा तासभर वेळ काढता आला, तर कोणाही सामान्य गाडीमालकास घरच्या अंगणात तिची तजवीज करता येते.

ही इत्तिला कोणत्या रूपाने येते ते प्रथम पाहू. लिव्हर पूर्वीपेक्षा जड लागू लागतो आणि दिवसाच्या अखेरीस मनगट दुखते, हे पहिले लक्षण होय. लिव्हर सोडल्यावर तो झटकन जागेवर न येता रेंगाळत परततो, हे दुसरे. दाबताना बोटांना वायरीची बारीक खरखर जाणवते, हे तिसरे आणि फार महत्त्वाचे. यापुढची लक्षणे वायरीच्या जुळणीसंबंधीची आहेत : उभ्या गाडीत न्यूट्रल सापडत नाही, पहिला गिअर टाकताच गाडी हिसका देते, क्लच पूर्ण दाबलेला असूनही ती हळूहळू पुढे सरकू पाहते, अथवा याच्या उलट, चढावर किंवा मागे माणूस बसले असता इंजिनाचा आवाज चढतो, परंतु वेग त्या मानाने वाढत नाही. पहिल्या तीन लक्षणांवर उपाय वंगणाचा आहे आणि नंतरच्या लक्षणांवर जुळणीचा, हा भेद ध्यानात ठेवावा. कारण वंगण न घालता केवळ नट फिरवीत बसल्याने वायर सुधारत नाही, आणि जुळणी बिघडलेली असता तेल ओतल्याने क्लच सुटत नाही.

क्लचचे कार्य थोडक्यात असे. आपल्याकडील बहुतेक मोटारसायकलींत इंजिनाच्या तेलातच बुडालेल्या अनेक चकत्यांचा एक संच असतो, ज्यांना क्लचप्लेटी म्हणतात. त्यांत घर्षणाचा थर दिलेली एक आणि पोलादी एक अशा त्या आळीपाळीने रचलेल्या असून स्प्रिंगांच्या दाबाने एकमेकींना घट्ट चिकटलेल्या असतात, आणि त्या चिकटलेल्या असतात तोवर इंजिनाची शक्ती गिअरपेटीतून मागल्या चाकापर्यंत पोहोचते. आपण लिव्हर दाबला की वायर ओढली जाते, इंजिनाच्या कवचाबाहेर दिसणारा लहानसा आर्म फिरतो, तो आतील दांड्याला रेटतो आणि स्प्रिंगांचा दाब उचलला जाऊन प्लेटी सुट्या होतात. या सगळ्या व्यवहारात लिव्हरचे टोक कित्येक सेंटिमीटर हलत असले तरी वायर प्रत्यक्षात थोडेच मिलिमीटर सरकते. म्हणून तिच्यात एक-दोन मिलिमीटरांचा अधिक-उणा फरक पडला तरी क्लचच्या वर्तनात तो ठळकपणे प्रकट होतो.

वायरीची ही रचना अर्नेस्ट मॉनिंग्टन बॉडेन या आयरिश वंशाच्या गृहस्थाच्या नावाने ओळखली जाते. त्याचे पेटंट १८९६ चे आहे. आत बारीक पोलादी तारांचा पीळ, बाहेर पोलादी वेटोळ्यांचे लवचीक आउटर आणि त्यावर प्लॅस्टिकचे आवरण, एवढीच तिची सामग्री. परंतु तिच्यातील खुबी अशी की आतली वायर जेवढ्या बळाने ओढली जाते तेवढ्याच बळाने आउटर दोन्ही टोकांच्या आधारांवर दाबले जाते, आणि त्यामुळे मार्ग कितीही वळणांचा असला तरी एका टोकाची ओढ दुसऱ्या टोकास पोहोचते. यावरून पुढील सर्व जुळणीचे सूत्र हाती येते. आतल्या वायरीची लांबी आपणास बदलता येत नाही; परंतु आउटरच्या टोकाशी आट्यांचा जो ॲडजस्टर असतो तो फिरवून आउटरचा आधार थोडा बाहेर सरकविला, म्हणजे आउटरला जास्त मार्ग व्यापावा लागतो आणि आतली वायर आखूड झाल्यासारखी होऊन तिचा सैलपणा ओढला जातो. ॲडजस्टर आत घातला की सैलपणा वाढतो. हे एकदा मनात नीट ठसले म्हणजे नट कोणत्या दिशेने फिरवावा याविषयी गोंधळ उरत नाही.

या परिसरात वायरीचे वैरी कोणते, याचाही विचार केला पाहिजे. दिवाळीच्या सुमारास उसाचा हंगाम सुरू झाला की शिमग्यापर्यंत काळ्या मातीची पिठासारखी बारीक धूळ रस्त्यांवरून उडत राहते; ती लिव्हरजवळच्या फटीतून वायरीच्या तोंडाशी बसते, जुन्या तेलात कालवली जाते आणि तिचा एक काळा, चिकट, खरबरीत लेप बनतो, जो प्रत्येक दाबागणिक तारांना आणि आउटरच्या आतील नळीला घासत राहतो. पावसाळ्यात त्याच तोंडातून पाणी आत उतरते आणि आउटरच्या खोलगट वळणात साचून गंज धरविते. गाडी धुण्याच्या ठिकाणी पाण्याचा जोरदार फवारा थेट हँडलवर मारला जातो, त्याचेही नुकसान पावसाहून कमी नाही. धुणाऱ्यास तेवढी जागा सांभाळण्याविषयी आवर्जून सांगावे. परंतु सर्वांत मोठा वैरी यांपैकी एकही नाही. वायरीच्या वरच्या टोकाला धातूची एक लहान गोल बोंडी असते, ती लिव्हरच्या भोकात बसते, आणि लिव्हर दाबताना ती बोंडी त्या भोकात किंचित फिरणे आवश्यक असते. ती कोरडी पडून जाम झाली की फिरत नाही, मग तिच्याऐवजी तिच्यालगतची वायर प्रत्येक वेळी वाकते, आणि एकाच ठिकाणी वारंवार वाकलेली तार जशी तुटते तशी तिची एकेक तार तुटत जाते. लिव्हरजवळ तुटलेल्या वायरींचे मूळ बहुधा येथेच असते, आणि तेथे लावावयाचे ग्रीस तर हरभऱ्याएवढेही लागत नाही.

आता वंगणाची निवड. शिलाईच्या यंत्राचे पातळ तेल या कामास उत्तम. ते लहान बाटलीत मिळते, आत सहज झिरपते आणि चिकट होत नाही. केबलसाठी म्हणून विकले जाणारे फवारे चांगले असतात, मात्र गंज सोडविण्यासाठी व ओल हाकलण्यासाठी असलेला फवारा हा वंगण नव्हे. तो मळ धुऊन काढण्यापुरता वापरावा आणि त्यानंतर तेल घालावेच घालावे. घरात हाताशी असते म्हणून खोबरेल तेल घालण्याची जी पद्धत आहे ती मला सर्वथा अयोग्य वाटते. खोबरेल सुमारे २४ अंश सेल्सियसच्या खाली गोठते, आणि मार्गशीर्ष-पौषातल्या नगर जिल्ह्याच्या पहाटे पारा त्याच्या पुष्कळ खाली उतरतो. म्हणजे ज्या वेळी गवळ्याला गाडी काढावयाची असते नेमक्या त्याच वेळी वायरीतील तेल घट्ट झालेले असते. इतर खाद्यतेले कालांतराने चिकट राळेसारखी होतात. इंजिनातून काढलेले जळके तेल तर मुळीच घालू नये, कारण त्यात झिजलेल्या धातूचे कण आणि काजळी असते. ग्रीस हे बोंडीसाठी आणि लिव्हर जिच्यावर फिरतो त्या खिळीसाठी. ते आउटरच्या आत कोंबू नये. आजकालच्या पुष्कळ वायरींत आउटरच्या आत नायलॉन वा टेफ्लॉनचे अस्तर असते, आणि जाड ग्रीस तेथे धूळ धरून ठेवते व वायरीची चाल जड करते. आपल्या गाडीच्या माहितीपुस्तिकेत वायरीला तेल घालू नये असे स्पष्ट लिहिले असेल तर तो हुकूम शिरोधार्य मानावा आणि केवळ बोंडी व खिळी यांचीच व्यवस्था पाहावी.

साहित्य फार लागत नाही : १० ते १४ क्रमांकांचे पाने, एक पक्कड, एक स्क्रू ड्रायव्हर, विद्यार्थ्याच्या कंपासातील पट्टी, पातळ तेल, थोडे ग्रीस, जुन्या सुती कापडाच्या चिंध्या, पॉलिथिनची एक स्वच्छ पिशवी, दोन रबरबँड आणि खाली अंथरावयास वर्तमानपत्र. गाडी सपाट जागी मधल्या स्टँडवर उभी करावी आणि इंजिन पूर्ण थंड होऊ द्यावे, कारण खालचा, म्हणजे इंजिनाजवळचा, ॲडजस्टर तापणाऱ्या भागांच्या निकट असतो. काहीही सोडण्यापूर्वी सध्याचा खेळ मोजून कागदावर टिपून ठेवावा. लिव्हर बोटाने हलकेच ओढला असता सुरुवातीला तो काही अंतर विनासायास येतो आणि मग एकदम विरोध जाणवतो. विरोध जाणवेपर्यंत लिव्हरच्या टोकाने जेवढे अंतर कापले तो खेळ, ज्याला मिस्त्री लोक 'प्ले' म्हणतात. खाली आणि वर ॲडजस्टरचे किती आटे बाहेर दिसत आहेत तेही टिपावे. पुढे काही चुकले असे वाटले तर या नोंदीवरून पूर्वस्थितीस परतता येते.

लिव्हरजवळचे रबरी टोपण मागे सारले की ॲडजस्टर आणि त्याला जखडणारा गोल चेकनट दिसतो. चेकनट सैल करून ॲडजस्टर पूर्णपणे आत फिरवावा. नीट निरखल्यास ॲडजस्टर, चेकनट आणि लिव्हरचा धारक या तिघांनाही एकेक लांबट खाच कापलेली आढळेल. तिन्ही खाचा एका रेषेत आणाव्यात, एका हाताने आउटर मागे ओढून ॲडजस्टरमधून बाहेर घ्यावे आणि आतली वायर त्या खाचेतून हळुवार बाहेर काढावी, म्हणजे बोंडी लिव्हरच्या भोकातून खाली निसटते. वायर ताणलेली असल्यामुळे हे साधत नसेल तर पकडीने जबरी करू नये. आधी इंजिनाजवळच्या ॲडजस्टरचे नट सैल करून पुरेसा ढिलेपणा आणावा, म्हणजे तीच गोष्ट दोन बोटांनी होते. काही गाड्यांच्या लिव्हरजवळ क्लचचा विजेचा स्विच असतो. त्याची बारीक कळ नाजूक असते. तीवर पाना आपटू नये आणि तेलाचा फवाराही उडवू नये.

वायर हाती आल्यावर तेल घालण्याची घाई न करता ती उजेडात धरून बारकाईने पाहावी, कारण या सगळ्या खटाटोपातील खरा निर्णय येथेच होतो. बोंडीपासून वीतभर वायर चिंधीने पुसून स्वच्छ करावी आणि बोंडीलगतचा पहिला बोटभर भाग हळूच वाकवून तपासावा. पीळ एकसंध, चकचकीत वा करडा दिसला तर उत्तम. त्यावर तांबूस डाग असतील तर गंज सुरू झाला आहे; तेलाने तो काही काळ आवरता येतो. परंतु पिळातून केसाएवढी एखादी तार वर उचललेली दिसली, किंवा बोटाला टोचली, तर त्या वायरीचा हिशेब संपला असे समजावे. एक तार तुटली की तिचा भार उरलेल्या तारांवर पडतो, त्या आधीच त्याच वाकण्याने शिणलेल्या असतात, आणि पुढील तारा उत्तरोत्तर अधिक वेगाने तुटतात. अशा वायरीला तेल घालून आणखी महिनाभर ओढण्याचा मोह धरू नये. आउटरचे आवरण कोठे फाटून आतील पोलादी वेटोळी उघडी पडली असतील, किंवा ते एखाद्या ठिकाणी चेपून मुडपले असेल, तर तेथेही नव्या वायरीवाचून उपाय नाही.

वायर निर्दोष असेल तर तिचे वरचे टोक हँडलला सुतळीने उभे बांधावे. पॉलिथिनच्या पिशवीचा कोपरा बोंडी व आउटर जेमतेम जाईल एवढाच कापून त्यातून बोंडी व आउटरचे तोंड आत घ्यावे आणि आउटरवर पिशवी रबरबँडने पक्की आवळावी, की आउटरच्या तोंडाभोवती एक लहानशी द्रोणासारखी जागा तयार होते. तीत चमचाभर तेल ओतावे आणि बोंडी धरून आतली वायर सावकाश वर-खाली सरकवीत राहावे. तेल वरच्या वर थबकलेले दिसते, मग त्यातून एखादा बुडबुडा वर येतो, म्हणजे आतली हवा निघून तेलाला वाट मिळू लागली. अंतर लांब आणि फट अरुंद असल्यामुळे येथे धीर धरावा लागतो. पुष्कळ वेळाने खालच्या टोकाशी प्रथम काळपट, मातकट थेंब जमतो. तो चिंधीने टिपून घ्यावा, वर आणखी थोडे तेल घालावे, आणि थेंबांचा काळेपणा ओसरून स्वच्छ तेल दिसू लागेपर्यंत हे चालू ठेवावे. तो पहिला काळा थेंब बोटांच्या चिमटीत चोळून पाहिला तर त्यात बारीक कचकच लागते; वायरीला आतून खाणारी धूळ ती हीच. खाली येणारे तेल सायलेन्सरवर पडल्यास पुढे धूर होतो आणि टायरवर पडल्यास गाडी घसरण्याचा धोका असतो, म्हणून वर्तमानपत्र अंथरण्यात कुचराई करू नये. तास-दीड तासानेही खाली तेल आले नाही, तर आउटर आत कोठेतरी मुडपलेले आहे किंवा मळाने पूर्ण तुंबलेले आहे, आणि ती वायर बदलणेच शहाणपणाचे आहे.

तेल झिरपत असतानाच लिव्हर खोलून घ्यावा. त्याच्या खिळीचा बोल्ट काढून खिळी, भोक आणि लिव्हरचा खाचा पुसावा, जुने वाळलेले ग्रीस खरवडून काढावे आणि नव्याचा पातळ थर द्यावा. बोंडीच्या भोकातही तसेच करावे. लिव्हर जड लागण्याचे निम्मे कारण पुष्कळदा वायरीत नसून या कोरड्या खिळीत सापडते. परत जोडताना बोल्ट इतका आवळू नये की लिव्हर धारकातच दाबला जाऊन अडकेल; तो वर-खाली न हलता सहज फिरला पाहिजे. इंजिनाजवळच्या आर्मवर वायरीचे जे दुसरे टोक अडकते त्यालाही ग्रीसचे बोट लावावे.

आता जुळणी. वायर पुन्हा बसवून वरचा ॲडजस्टर जवळजवळ पूर्ण आत ठेवावा आणि मोठा फरक प्रथम खालच्या ॲडजस्टरवर काढावा. वरचा ॲडजस्टर हा पुढे रस्त्यात वा आठवड्याच्या तपासणीत करावयाच्या लहान दुरुस्तीसाठी राखून ठेवावयाचा असतो. पुष्कळ लोक उलट करतात. ते दर वेळी वरचाच ॲडजस्टर थोडा थोडा बाहेर काढीत जातात, अखेरीस तो दोन-तीन आट्यांवर तरंगत राहतो आणि गाडीच्या हादऱ्याने वाकतो किंवा मोडतो. खालचा ॲडजस्टर फिरवीत खेळ इच्छित मापाच्या आसपास आणावा, तेथील चेकनट एका पान्याने ॲडजस्टर धरून दुसऱ्याने आवळावा, आणि मग वरून बारीक फरक करावा. रोजच्या वापरातील बहुतेक लहान मोटारसायकलींना लिव्हरच्या टोकाशी १० ते २० मिलिमीटर खेळ सांगितलेला असतो. काही कंपन्या मात्र तो टोकाशी न मोजता लिव्हरच्या बुडाशी, धारक आणि लिव्हर यांच्यातील फट म्हणून मोजतात, आणि तेथे तो २-३ मिलिमीटरच असतो. ही दोन मापे एकमेकांत मिसळल्यास अनर्थ होतो, म्हणून आपल्या गाडीच्या पुस्तिकेत कोणती जागा धरली आहे हे आधी वाचावे. काम पुरे झाले की वरच्या तिन्ही खाचा पुन्हा एका रेषेत राहू देऊ नयेत, चेकनट आवळावा आणि रबरी टोपण जागेवर सारावे, नाहीतर पाऊस व धूळ यांना आपणच दार उघडे ठेवल्यासारखे होईल.

खेळ अधिक राहिला तर क्लच पूर्ण सुटत नाही आणि गिअरचे दाते घासतात, हे चालवणाऱ्याला लगेच जाणवते. परंतु खेळ मुळीच नसणे हे त्याहून घातक, कारण ते लवकर जाणवत नाही. उलट क्लच कसा घट्ट झाला आहे असे समाधान वाटते. प्रत्यक्षात वायर सदैव ओढलेली राहिल्यामुळे प्लेटींवर स्प्रिंगांचा पूर्ण दाब पडत नाही, त्या किंचित घसरत राहतात, तापतात आणि जळतात. येथे आणखी एक गोष्ट समजून घ्यावी. वायर जुनी होऊन लांबली की खेळ वाढतो. परंतु प्लेटी झिजल्या की बहुतेक रचनांमध्ये तो कमी होत जातो. म्हणून आपण काही न करता खेळ आपोआप कमी झालेला आढळला तर तो ताबडतोब पूर्ववत करावा आणि प्लेटींच्या झिजेकडे लक्ष ठेवावे. खेळ बरोबर असूनही चढावर क्लच घसरत असेल तर वायरीला दोष देऊ नये : एक तर प्लेटी संपत आल्या आहेत, किंवा इंजिनात मोटारगाडीचे, घर्षण कमी करणारे तेल पडले आहे. मोटारसायकलीच्या ओल्या क्लचसाठी डब्यावर 'जासो एमए' अशी प्रत छापलेली असते. ती पाहूनच तेल घ्यावे. प्लेटी बदलण्याचे काम मात्र अंगणातले नव्हे, जाणत्या मिस्त्रीचे आहे.

रस्त्यावर जाण्यापूर्वी गाडी मधल्या स्टँडवरच असताना इंजिन सुरू करावे आणि हँडल सावकाश एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत वळवावे. वळवताना लिव्हरचा खेळ बदलला तर वायर कोठेतरी ताणली वा अडकली आहे. तिची वाट पूर्ववत करावी. मग क्लच पूर्ण दाबून पहिला गिअर टाकावा. मोठा धक्का न बसता तो पडला पाहिजे. थंड इंजिनात तेलाच्या चिकटपणामुळे मागले चाक थोडे फिरू लागते, त्याचे भय धरू नये. पायातल्या वहाणेने हलकेच टेकल्यावर ते थांबले की पुरे, मात्र हात चाकाजवळ नेऊ नये. यानंतर वर्दळ नसलेल्या रस्त्यावर एक फेरी मारावी आणि तिसऱ्या-चौथ्या गिअरात जोर देऊन इंजिनाचा आवाज आणि वेग बरोबरीने वाढतात का ते पाहावे. घरी परतल्यावर दोन्ही चेकनट पुन्हा एकदा तपासावेत.

नवी वायर घालण्याची वेळ आली तर जुनी ओढून काढण्यापूर्वी तिच्या खालच्या टोकाला मजबूत दोरा बांधावा, म्हणजे जुनी वायर निघताना तो दोरा तिच्या मार्गात राहतो आणि त्याच्या आधाराने नवी नेमक्या त्याच वाटेने नेता येते. वाट बदलली की वळण बदलते, वळण बदलले की वायर जड होते. वायर आपल्याच गाडीच्या नमुन्याची घ्यावी. अर्ध्या इंचाची तफावतसुद्धा ॲडजस्टरच्या आवाक्याबाहेर जाऊ शकते. बसवण्यापूर्वी तिलाही तेलाचे दोन थेंब द्यावेत, मात्र ती अस्तराची असून वेष्टनावर तेल घालण्यास मनाई लिहिली असेल तर तसे करू नये. पावसाळा लागण्यापूर्वी एकदा आणि उसाचा हंगाम सुरू होण्यापूर्वी एकदा अशी वर्षातून दोनदा ही सेवा, आणि आठवड्यातून एकदा लिव्हरच्या खेळाकडे एक नजर, एवढा बंदोबस्त या भागातील गाडीला पुरतो.

जे दूरच्या प्रवासाला निघतात, नाशिकहून वा संभाजीनगरहून दर्शनाला येतात, त्यांनी आपल्या गाडीची एक जादा वायर आणि दोन पाने सीटखाली बाळगावेत. आणि इतके करूनही वाटेत वायर तुटलीच, तर गाडी ढकलत सुरू करून क्लचवाचून गिअर बदलीत पुढे जाण्याची जी युक्ती अनेकांना ठाऊक असते ती शिर्डीच्या गर्दीत कदापि करू नये. क्लच नसलेली गाडी गिअरात असताना इंजिन बंद केल्यावाचून थांबत नाही, आणि पुढे कोणाचे मूल किंवा कोणाची वृद्ध आई असू शकते. गाडी न्यूट्रलमध्ये टाकावी, खाली उतरावे आणि रस्त्याच्या कडेने ती ढकलीत जवळच्या गॅरेजपर्यंत न्यावी.